उजव्या खांद्यावरचा पदर

सुजीतला दिसेल ती गोष्ट सरळ करायची खोड होती आणि त्याची ती खोड द्वारकाबाईंच्या डोक्यात जायची. शाळेत असताना दुबईतल्या देऱ्याच्या जुन्या बिल्डिंगीत जिना चढता चढता तो परक्यांच्या दारापुढची पायपुसणी पायानं नीट करत वर यायचा. आता केस पिकायला लागले, दुबई मरीनात समुद्र दिसणारा फ्लॅट झाला, तरी खोड तीच. आईच्या मसाल्यांच्या बरण्या उंचीप्रमाणे लावून ठेवायचा, आईच्या बोलण्यातले शब्द सुधारायचा, आणि आता तर त्यानं मेलेल्या मावशीलाच सरळ केलं होतं.

मावशी म्हणजे गोदावरी, द्वारकाबाईंची थोरली बहीण. गोदाक्काचा जगात एकच फोटो होता. गावच्या जत्रेत फोटोवाल्यानं रंगवलेल्या पडद्यापुढं उभं करून काढलेला. त्यानंतर तिचं लग्न झालं आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. राहिला तेवढा फोटो. तो द्वारकाबाईंनी सासरी नेला, सासरहून दुबईला आणला, आणि नवऱ्याच्या, सूर्यकांतच्या मागं एकटीनं जेवणाच्या डब्यांचा धंदा ओढला तेव्हाही तो देऱ्याच्या खोलीत उशाशी होता. सुजीतनं आईच्या वाढदिवसासाठी तो गुपचूप नेला, डाग काढून घेतले, दाराएवढा मोठा करून घेतला आणि जेवणाच्या टेबलामागं टांगला. इथवर ठीक होतं. पण जुन्या फोटोत गोदाक्काचा पदर उजव्या खांद्यावर होता. पूर्वी कधीकधी निगेटिव्हची काच उलटी पडून फोटो उलटा छापला जायचा, तसंच झालं असणार, हे सुजीतनं आपलं आपणच ठरवलं, आणि फोटो फिरवून पदर डाव्या खांद्यावर आणून ठेवला. जुना फोटो देऱ्याच्या स्टुडिओवाल्याकडंच राहिला.

द्वारकाबाईंनी वर बघितलं आणि ही आपली आक्का नव्हे, एवढंच सांगितलं. काय चुकलं ते त्यांना धड सांगता येईना. त्यानंतर जेवायला बसतानाही त्या भिंतीकडं पाठ करून बसत.

सुजीतनं समजावून पाहिलं. त्यांनीही त्याला समजावून पाहिलं. त्या वर्षी गावात तंबूतला सिनेमा आला होता, त्यातली नटी उजव्या खांद्यावर पदर घ्यायची, म्हणून गावातल्या झाडून साऱ्या पोरी तसाच पदर घ्यायला लागल्या होत्या. गोदाक्का सगळ्यांत पुढं. मास्तरीणबाईंचं पाचवारी पातळ उसनं आणून तिनं मुद्दाम तसा फोटो काढून घेतला होता. सुजीतनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मराठी सिनेमातली कुठली नटी असा पदर घेईल, आणि बायकोकडं, शर्वाणीकडं, बघितलं.

हे असं एकमेकांकडं बघणं घरात हल्ली वाढलं होतं. द्वारकाबाईंनी नातीला, इराला, दोनदा चुकून गोदे म्हणून हाक मारली तेव्हापासून. मग एकदा शर्वाणी फोनवर मेमरी क्लिनिक म्हणाली, ट्यूजडे म्हणाली. द्वारकाबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, पण मल्याळी आणि पठाण माणसांना कामाला लावून त्यांनी किचन चालवलं होतं, त्यांना कुणी असं पुढ्यात बोलून फसवू शकत नव्हतं. मेमरी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. फोनमधली भरली की सुजीत फोन बदलायचा.

देऱ्याच्या किचनात रोज सकाळी जाऊन मसाला अजून त्या स्वतः घालायच्या. सुजीतला ते बंद करायचं होतं, तोंडानं म्हणत नव्हता एवढंच. म्हणून त्यांनीच विषय काढला. तो सिनेमा शोध आणि दाखव, म्हणाल्या. नटीचा पदर डाव्या खांद्यावर निघाला तर मंगळवारी तू नेशील त्या डॉक्टरकडं येते, आणि किचनची पायरी पुन्हा चढत नाही. खलास.

सुजीतनं खरंच शोधला. नाव त्यांना आठवत नव्हतं, टांगेवाल्याच्या बहिणीचा एवढंच सांगता आलं, तरी कोल्हापुरात कुणा जुनी रिळं जमवणाऱ्याकडं तो सापडला. शनिवारी उन्हं कलताना सगळे हॉलमध्ये बसले. शर्वाणीनं पॉपकॉर्न केलं. द्वारकाबाईंनी ते बाजूला सारून भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि टरफलं ओच्यात टाकायला लागल्या. सुजीतनं पडदे ओढले, दिवे घालवले.

सुरुवातीची सनई वाजली आणि त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. साठ वर्षं कानावर न पडलेली ती सनई पुढं कुठं वळणार, कुठं थांबून श्वास घेणार, सगळं त्यांना आधी माहीत होतं. त्यांनी नकळत डावीकडं अंग चोरून घेतलं. डावीकडं गोदाक्का बसायची आणि तिचं कोपर लागायचं.

मग नटी दिवा घेऊन ओसरीवर आली. तिचा पदर डाव्या खांद्यावर होता, चारचौघींसारखा.

द्वारकाबाई पुढच्या प्रसंगात बदलेल म्हणाल्या. बदलला नाही. भावाचा टांगा निघाला, तो डावीकडं जायला हवा होता, तो उजवीकडं गेला. विहीर नको त्या अंगाला होती. माणसं तीच, रडणं तेच, आणि सगळं घर कुणीतरी फिरवून मांडल्यासारखं.

सुजीत हसला असता तर त्यांनी त्याला तिथंच धुऊन काढला असता. तो हसला नाही. त्यानं सिनेमा थांबवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "होतं असं, आई. किती वर्षं झाली त्याला."

किचनचं आपण सावकाश बघू, असंही म्हणाला. इरा इट्स ओके आजी म्हणाली. शर्वाणीनं खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला. सिनेमा चालू ठेवा आणि आपापल्या कामाला लागा, म्हणाल्या. इराचा पोहण्याचा क्लास होता. येताना तुम्हाला आवडतो तो इथला दाट करक चहा आणतो असं सांगून तिघंही खाली गेले.

सिनेमा चालू होता, पण द्वारकाबाईंना तिकडं बघवेना.

डॉक्टरची भीती त्यांना नव्हती. किचनही एक वेळ सुटलं असतं. पण गोदाक्काचं त्यांच्याजवळ होतं काय? एक फोटो, आणि तंबूतली ती एक रात्र. तिच्या केसांतल्या खोबरेलाचा वास. टांगा निघाला तेव्हा तिनं दहा वर्षांच्या द्वारकीचं मनगट असं आवळलं होतं की बांगडी रुतली. पदर खोटा निघाला, टांगा खोटा निघाला, मग मनगट तरी खरं कशावरून? विचारायचं तर कुणाला? त्या रात्री तंबूत होत्या त्यातली एकही बाई आता उरली नव्हती. आक्काला ओळखणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्याला मंगळवारी क्लिनिकला न्यायचं होतं.

त्या उठल्या. खुर्ची ओढत बाल्कनीच्या काचेच्या दाराशी नेली, पडदा बाजूला केला आणि टीव्हीकडं पाठ करून समुद्राकडं तोंड केलं. सूर्य गेला होता. मगरिबची बांग झाली. समोरच्या टॉवरांत एकेक खिडकी पेटत होती, खाली बोटींवर दिवे लागत होते. मागं सिनेमातली आई मुलाला दशम्या बांधून देत होती, तिचं बोलणं कानावर येत होतं. बाहेर अंधारलं तशी काच काळी होत गेली.

आणि काचेत कुणीतरी दिवा घेऊन आलं.

द्वारकाबाईंनी आधी डोळे पुसले. मग चष्मा पुसला. काचेत, बोटींच्या दिव्यांवर तरंगत, नटी ओसरीला उभी होती. सिनेमात ती पुन्हापुन्हा तशीच येऊन उभी राहायची, भावाची वाट बघायला. तिचा पदर उजव्या खांद्यावर होता. विहीर जिथं हवी तिथं होती. थोड्या वेळानं भावाचा टांगा परत आला तो डावीकडून, तंबूत जिकडं गेला होता तिकडूनच, समोरच्या टॉवरच्या खिडक्यांवरून टापा वाजवत.

त्यांनी मान वळवून टीव्हीकडं बघितलं. डावा खांदा. पुन्हा काचेकडं. उजवा.

मग त्या अंधारात एकट्याच हसायला लागल्या.

तंबूत पडदा मध्यभागी टांगलेला असायचा. एका अंगाला मशीन आणि पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका-पोरी. पातळ मांजरपाटाचा पडदा, उजेड आरपार यावा म्हणून सिनेमावाला तांब्यानं त्याच्यावर पाणी मारायचा आणि पुढं बसलेल्या पोरींच्या तोंडावर शिंतोडे यायचे. ओल्या कापडाचा वास, कांबळी, मांडीवरची पोरं, शेंगांची टरफलं. तिकडं पुरुष गप्प बसायचे, इकडं बायका मोकळ्यानं रडायच्या, खलनायकाला तोंड भरून शिव्या द्यायच्या. साऱ्या गावच्या बायकांनी तो सिनेमा पडद्याच्या पाठीमागून बघितला होता. आणि आपण पाठीमागं बसलोय हे त्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. पाठीमागं ते पुरुषांच्या हिशेबानं. बायकांची तीच पुढची बाजू. नावं उलटी दिसत असतील, पण वाचणार कोण होतं?

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पोरींचे पदर उजव्या खांद्यावर गेले. आयांनी धपाटे घातले, पुरुषांना कळेना पोरींना झालंय काय. पदर, घागर, सगळं गोदाक्कानं नटीसारखं या कडेचं त्या कडेला नेलं. चमकी तेवढी डाव्या नाकपुडीतच राहिली. नटीची चमकी उजव्या नाकपुडीत आहे, म्हणून तिनं तिकडंही टोचून घ्यायचा हट्ट धरला होता आणि आईनं लाटणं हातात घेतलं तेव्हा कुठं गप्प बसली होती.

चमकी.

द्वारकाबाई उठल्या, दिवा लावला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या फोटोखाली जाऊन मान वर केली. डाग गेले होते. चेहरा उजळला होता. पदर डाव्या खांद्यावर, सुजीतनं ठेवला तसा. आणि चमकी उजव्या नाकपुडीत.

आक्का त्यांच्याकडं बघत होती आणि त्यांना अनोळखी का वाटली ते त्यांना आता कळलं. त्यांनी हात वर केला, पण बोटं तिच्या नाकापर्यंत पोचली नाहीत. मग त्या भिंतीला टेकून जरा वेळ उभ्या राहिल्या. वय अठरासुद्धा नसेल हिचं. धाकटी बहीण आता हिची आजी शोभते.

लिफ्टचा आवाज आला तशा त्यांनी दिवा घालवला आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

सुजीत चहा घेऊन आत आला तेव्हा एवढा मोठा टीव्ही चालू होता आणि आई त्याच्याकडं पाठ करून काळोख्या काचेकडं बघत बसली होती. त्यानं शर्वाणीकडं बघितलं. ते बघणं द्वारकाबाईंना काचेत स्वच्छ दिसलं.

त्यांनी त्याला काही बोलू दिलं नाही. खाली, शेजारी बसायला सांगितलं. सुजीत बसला, आजारी माणसाचं मन राखावं तसा. आणि मग तो पुढं वाकला. काचेत नटी दिवा विझवून घरात जात होती. त्यांनी त्याला तंबू सांगितला, मधला पडदा सांगितला, कोण कुठल्या अंगाला बसायचं ते सांगितलं. एरवी मधे बोलून दुरुस्त करणारा सुजीत एकदाही मधे बोलला नाही. इरा ओले केस घेऊन आली आणि काचेपुढं मांडी घालून बसली. सो यू वॉच्ड द होल थिंग फ्लिप्ड, म्हणाली, आणि आजीच्या ओच्यातली शेंग घेतली.

"ते सिनेमाचं झालं, आई," सुजीत हळूच म्हणाला. "फोटो खरंच उलटा छापलेला असेल तर?"

द्वारकाबाई याचीच वाट बघत होत्या. त्यांनी शर्वाणीला दिवा लावायला सांगितला आणि विचारलं, तुझी चमकी कुठल्या बाजूला आहे गं? शर्वाणीचा हात आपसूक डाव्या नाकपुडीकडं गेला. तुझ्या आईची कुठं होती, सासूची कुठं आहे, तेही विचारलं. डावीकडंच, सगळ्यांची. मग जरा वर बघ म्हणाल्या. शर्वाणी फोटोकडं बघत राहिली आणि हात नाकावरून काढायचं विसरली. सुजीत उठून फोटोजवळ गेला, चष्मा कपाळावर चढवून नाक लावून बघून आला, आणि त्याचे कान लाल झाले. चुकला की लहानपणापासून त्याचे कानच आधी कबूल करायचे.

काचेत सिनेमा संपत आला होता. द्वारकाबाईंना शेवट बघायचा होता, पण आधी हे उरकायला हवं होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला, खुर्चीतच जरा वळल्या आणि लेकाला म्हणाल्या, "मंगळवारी येते मी तुझ्या डॉक्टरकडं, येत नाही असं नाही. पण तू पण तपासून घे. माझ्या आक्काची चमकी ह्या नाकपुडीतनं त्या नाकपुडीत नेलीस, तिला भिंतीवर टांगलीस, तिच्याखाली बसून रोज जेवलास आणि तुला दिसलं नाही. आता उतरव तिला. उद्या देऱ्याला मसाला घालून येताना जुना फोटो मीच घेऊन येते, तुझ्या हातात देत नाही. आणि सरक जरा तिकडं. ह्या बाजूला आक्का बसायची."