होम प्लेटवरची माती

मार्लिसने बुटाच्या टोकाने थोडी माती होम प्लेटवर, धाव पुरी करायला शिवतात त्या पांढऱ्या पाटीवर, ढकलली. मग आणखी थोडी.

“मार्लिस, नको,” अंपायर वेंडल हलक्या आवाजात म्हणाला. “पाय मागे घे. यासाठी बाहेर काढावं लागतं मला.”

तिने पाय मागे घेतला नाही. पांढरी प्लेट अर्धीअधिक झाकली गेली, तशी बाकांवरची सगळी कुजबुज थांबली. कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघाची मुख्य कोच मार्लिस टोल्फसन अंपायरशी नुसती हुज्जत घालते आहे, एवढंसुद्धा त्या मैदानाने कधी पाहिलं नव्हतं.

“तुझी पळणारी आऊट होती,” वेंडल म्हणाला. “प्लेटला हात लागायच्या आधी चेंडू तिच्या पाठीला टेकला होता. तू तिथूनच बघत होतीस.”

“बघत होते.”

“मग हे काय चाललंय? ऊन लागलंय का तुला? पाणी मागवू?”

“पाणी नको. मला बाहेर काढ.”

वेंडलने तोंडावरची जाळी वर सरकवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. अमेरिकेतल्या साउथ डकोटातल्या असल्याच वाऱ्यावरच्या मैदानांवर दोघांचेही केस पिकले होते. तिचा नवरा गेला तेव्हा चर्चमध्ये शेवटच्या रांगेत टोपी हातात धरून उभा राहिलेला हाच माणूस.

“घरी बायकोला काय सांगू मी? मार्लिसला हाकलून आलो म्हणून?”

“सांग, म्हातारी ऐकेना.”

आणि तिने उरलेल्या पांढऱ्यावर माती लोटली. वेंडलने सुस्कारा टाकला, हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला मैदानाबाहेर काढलं.

सकाळी ग्रँट तिच्या खोलीत येऊन गेला होता. कॉलेजच्या सगळ्या खेळांचा तो प्रमुख, मार्लिसच्या मुलाच्या वयाचा. तिच्यासमोर तो कधी बसत नसे, दाराशीच उभा राही. हा मोसम संपला की ती निवृत्त होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्यामागे टेसने संघ सांभाळावा असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं. टेस ओस्टबी आधी तिच्याच संघाची कॅचर होती, मग कितीतरी वर्षं तिची मदतनीस.

“टेस चांगली आहे हो,” ग्रँट म्हणाला होता. “पण एकटीने मॅच चालवलीय का तिने कधी? जरा कुठे अडलं की सगळ्या पोरी तुमच्याकडे बघतात. टेससुद्धा तुमच्याकडेच बघते. बाहेरच्या दोघांशी माझं बोलणं चालू आहे. आज येतो मी मॅचला, पण खरं सांगू का, तुम्ही असताना मला तिचं काय दिसणार?”

तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. अंगात ताप असताना ती तिसऱ्या बेसच्या बाजूला, कोचच्या जागेवर, उभी राहिली होती, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर काठी टेकत उभी राहिली होती. नवऱ्याला पुरलं त्याच आठवड्यातही ती तिथेच होती. एक डावसुद्धा तिने दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता.

आता ती बाकापाशी आली तेव्हा मुली तोंडं उघडी टाकून बघत होत्या. चेंडू टाकणारी, पिचर जोसी, रागाने लाल झाली होती.

“हा काय न्याय झाला, कोच? त्या आंधळ्याला कुणी अंपायर केलं?”

“गप बस. आऊट होती ती.”

“अहो, पण मग तुम्ही...”

मार्लिसने आपलं जाकीट उचललं. टेस जवळ आली. तिचा चेहरा उतरला होता.

“कोच, जोसीचा खांदा दुखतोय. लपवतेय ती. आताच काढू का तिला, की अजून एक डाव...”

उत्तर मार्लिसच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

“मला आता इथे बोलायची परवानगी नाही,” ती म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली. मागे वळून पाहायचं नाही, एवढंच ती मनाशी म्हणत राहिली.

बाहेर काढलेल्या कोचने मैदान दिसणार नाही इतकं लांब जायचं, असा नियम. व्यायामशाळेच्या भिंतीला वळसा घालून ती गाड्या लावायच्या जागेत आली. गुडघा ठणकत होता. पलीकडच्या टोकाला पाहुण्या संघाची बस उभी होती आणि तिच्या सावलीत एक जाडजूड ड्रायव्हर घडीच्या खुर्चीत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती.

“बसा की,” तो म्हणाला. “बायकोसाठी आणतो मी. येते म्हणते आणि येत नाही.”

मार्लिस बसली. त्याने तिच्या तळहातावर मूठभर बिया ओतल्या.

“मुलगी खेळते का तुमची?”

“खेळायच्या,” मार्लिस म्हणाली. “बऱ्याच होत्या.”

“अरे वा. मोठं कुटुंब.” त्याने टरफल थुंकलं. “मग मॅच बघायची सोडून इथे कशा?”

“दमले.”

“दमणारच. माणूस एका मुलीने दमतं.”

भिंतीपलीकडून आरडाओरडा वाऱ्यावर आला. ड्रायव्हरने कान टवकारले. “हे तुमचे की आमचे?”

एरवी नुसत्या आवाजावरून तिने सांगितलं असतं की कोण धावलं, कोण चुकलं, चेंडू कुठे पडला. तिने ऐकून पाहिलं. लांब कुठेतरी माणसं ओरडत होती, एवढंच.

“कळत नाही,” ती म्हणाली.

वाकून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट काढून पाय डांबरावर ठेवले. डांबर छान ऊबदार होतं. पुन्हा एकदा ओरडा झाला, मग पुष्कळ वेळ शांतता. ड्रायव्हर आपल्या बायकोच्या बहिणीची एक लांबलचक तक्रार सांगत होता, तिच्या मध्यावर कुठेतरी मार्लिसचे डोळे मिटले.

“कोच? कोच!”

सावली बसच्या दुसऱ्या बाजूला गेली होती. मांडीवर ड्रायव्हरचा स्वेटर होता आणि तो स्वतः बसच्या पोटातला सामानाचा कप्पा उघडत होता. पुढ्यात टेस उभी होती, तोंडभर धूळ, घसा बसलेला.

“मी जोसीला काढलं,” टेस बोलत सुटली. “तुम्ही गेल्या गेल्या काढलं. रडली, शिव्या दिल्या मला, पण काढलं. त्या नव्या पोरीला आणलं, मिकेलाला. तिने पहिले चारही चेंडू बाहेर टाकले! समोरचीला फुकट बेस मिळाला, आधीच्या दोघी होत्याच, तिन्ही बेस भरले, कोच. ग्रँट समोर बसलेला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी हात खिशात कोंबले. मग मी आत गेले मैदानात, तिला म्हटलं, तुला सुट्टीत घरी गेल्यावर काय खायचंय ते सांग. काही म्हणजे काही सुचलंच नाही मला दुसरं. ती म्हणाली, आजीच्या हातचं बटाट्याचं सलाड. म्हटलं, ठीक आहे, टाक आता.”

मार्लिस हसली. “मी असं कधी विचारलं नाही कुणाला.”

“माहितीये. वाटलं, तुम्ही असता तर रागावला असता.”

“रागावले असते,” मार्लिस म्हणाली. “मग?”

“मग टाकले तिने. बरे टाकले. शेवटच्या डावात पळणारीला मी तिसऱ्या बेसवर थांबवलं. तुम्ही तिला पुढे प्लेटकडे पाठवली असती. ग्रँट म्हणालाय, सोमवारी येऊन भेट. चेहऱ्यावरून काही कळू देत नाही तो माणूस.”

टेसने बाहीने तोंड पुसलं आणि एकदम थांबली.

“कोच, तुम्ही विचारलं नाहीत.”

“काय?”

“काय झालं ते. जिंकलो की हरलो.”

मार्लिस पायांकडे बघत राहिली. खरंच की. झोपेतून उठल्यावर पहिल्यांदा तिला गार वारा जाणवला होता. मग टेसचा बसलेला घसा, आणि त्या पोरीच्या आजीचं सलाड. दुसरं काही मनात आलंच नव्हतं.

“सांग ना,” ती म्हणाली.

टेसने सांगायला तोंड उघडलं. मार्लिस तिच्याकडे बघत होती, मायेने आणि अगदी निवांत, तिने काहीही सांगितलं तरी चालेल अशी. टेसने तोंड मिटलं, ड्रायव्हरची खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसली.