योगाइलाचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. लिथुएनियातल्या शिलुपे गावात पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. त्याने फळ्या वाफवून, वाकवून माझं खोड केलं आणि दोन्ही तोंडांना वासराचं कातडं ताणून बसवलं. पहिली वीस वर्षं मी गावच्या अग्निशमन दलाच्या बँडमध्ये होतो. लग्नात वाजलो, जत्रेत वाजलो, मयतीच्या मागेही हळूहळू वाजत गेलो. मग बँड मोडला आणि मला रिमगौदासने घरी नेलं.

रिमगौदास डेअरीची गाडी चालवायचा. तो एकटा राहायचा आणि फारसं बोलायचा नाही. जे बोलायचं ते माझ्यावर टिपरू मारून बोलायचा. आमच्या गावात मूल चालायला लागलं की त्याच्या हातात बास्केटबॉल येतो. गावच्या संघाचं नाव ‘करकोचे’. त्यांचा सामना असला की रिमगौदास मला खांद्याला अडकवून पहिल्या रांगेत उभा राहायचा.

रविवारी तो पोरांच्या संघाची बस चालवायचा. तिथेच त्याला योगाइला नावाचा पोरगा भेटला. अकरा वर्षांचा, काटकुळा, पाय कुठे ठेवावेत ते न कळणारा. रिमगौदासने त्याला बसमध्ये शेजारी बसवून राय धान्याचा काळा पाव आणि खारवलेल्या चरबीचा तुकडा खायला घातला, आणि खायला घालता घालता त्याचा होऊन गेला. योगाइला मोठ्या संघात आला तेव्हा रिमगौदासने त्याच्यासाठी वेगळा ताल बसवला, दोन लांब ठोके आणि तीन आखूड. तो ताल ऐकला की अख्खं सभागृह उभं राहायचं. मित्रांनो, त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. लोक जाता येता माझ्या पाठीवर थाप मारायचे.

मग एका हिवाळ्यात, हंगाम अर्धा झालेला असताना, योगाइला राजधानीच्या संघात निघून गेला. रिमगौदासला हे दुकानात पाव घेताना कळलं.

दोन महिन्यांनी योगाइला दुसऱ्यांचा सदरा घालून आमच्याच सभागृहात खेळायला आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पाठ फिरवली. रिमगौदासने तसं काही केलं नाही. योगाइलाने मैदानात पाय ठेवला तेव्हा त्याने मला एकच ठोका मारला. त्यात त्याची सगळी ताकद होती. माझं कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलं. रिमगौदास मला तसंच उचलून बाहेर पडला आणि त्यानंतर सामन्याला गेला नाही.

माझी रवानगी स्कैस्तेच्या खानावळीत झाली. तिने फाटकी बाजू खाली करून मला कोपऱ्यात ठेवलं आणि वर खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या मांडल्या. सात वर्षं मी टेबल होतो. बरणीतलं पाणी ओघळून माझ्या कातड्यावर डाग पडले. तिकडे करकोचेही खालच्या गटात घसरले, आणि सभागृहात निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

अशातच यंदा, जंगलात अळंबी गोळा करायचे दिवस आले तेव्हा, बातमी आली की योगाइलाला परत यायचं आहे. क्लबचे अध्यक्ष चाहत्यांच्या मंडळाला म्हणाले, “मी त्याला घेतलं आणि तुम्ही घरी बसलात, तर क्लब बंद करावा लागेल. तेव्हा तुम्हीच ठरवा.”

मंडळाची माणसं तेवीस. ती सगळी, रिमगौदाससुद्धा, स्कैस्तेच्या खानावळीत जमली. छताचे पत्रे ठोकणारा झिगमास आल्या आल्याच पेटलेला होता.

“छत्तीस वर्षांचा झालाय तो,” झिगमास म्हणाला. “गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया. तरुणपण त्यांना दिलं, आणि लंगडत आमच्याकडे येतोय.”

“तुझी कंबर गेली तेव्हा तुझ्या बायकोने तुला घराबाहेर काढलं का?” स्कैस्ते सूप वाढता वाढता म्हणाली.

“मी कुठे दुसरीकडे राहायला गेलो होतो?”

“कोणी नेलं असतं तर गेला असतास.”

सगळे हसले. झिगमासही हसला, पण त्याने हेका सोडला नाही. “मी माझ्या पोरीला त्याच्या नावाचा सदरा घेतला होता. तिने तो आठवडाभर रडत उशीखाली ठेवला. तिला मी काय सांगू?”

“ती आता वीस वर्षांची आहे, झिगमास. तिलाच विचार. काल माझ्याकडे तिकिटाची चौकशी करून गेली.”

झिगमासने सूपात चमचा बुडवला.

मग हात वर करून मतं घेतली. अकरा बाजूने, अकरा विरुद्ध. रिमगौदासचा हात टेबलावरच होता. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

“मला आधी त्याच्याशी बोलायचंय,” एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी योगाइला आला. दारातून येताना त्याला वाकावं लागलं. केस विरळ झाले होते, आणि खुर्चीत बसताना उजवा पाय तो हाताने उचलून सरळ करत होता. स्कैस्तेने काही न विचारता त्याच्यापुढे बीटाचं थंड सूप आणि उकडलेले बटाटे ठेवले.

“स्कैस्तेमावशी, अजून शेपू जास्तच घालता,” तो म्हणाला.

“आणि तू अजून ताटात ठेवतोस. खा.”

रिमगौदास समोर बसला. “का गेलास?”

“पैसे जास्त होते, काका. आणि मोठ्या मैदानावर खेळायचं होतं. खोटं कशाला सांगू? परत वेळ आली तर परत जाईन.”

“जायला कोणी अडवलं होतं?” रिमगौदासचा आवाज चिरकला. “मला ते पाव विकणाऱ्या बाईकडून कळलं. मला.”

योगाइलाने चमचा खाली ठेवला. “मी सांगायला आलो होतो. आदल्या संध्याकाळी तुमच्या दारापर्यंत आलो. आत तुम्ही ढोल वाजवत होतात. माझाच ताल होता, पण शेवटी काहीतरी नवीन घालत होतात. चुकत होतात, पुन्हा करत होतात. मी बर्फात उभा राहून ऐकलं. दार वाजवायला हात उचलला, पण झालं नाही. चुकलो.”

मित्रांनो, ती संध्याकाळ मला आठवत होती. आम्ही खरंच चारचारदा चुकत होतो. बाहेर कोणी उभं आहे हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

रिमगौदास उठला आणि माझ्यावरच्या बरण्या एकेक करून खाली ठेवू लागला. त्याने मला उलटं केलं. ती फाट बघून योगाइलाने विचारलं, “हे कोणी केलं?”

“मी. तू त्यांचा सदरा घालून आलास त्या दिवशी.”

योगाइलाने माझ्या फाटक्या कडांवरून बोट फिरवलं. पुष्कळ वेळ फिरवलं.

“नवीन कातडं लागेल,” रिमगौदास म्हणाला. “दोऱ्या ओढायला दोन माणसं लागतात. माझ्या हातात आता तेवढा जोर नाही.”

त्या संध्याकाळी मंडळाला बारावा हात मिळाला. कातडं मिळायला आठवडा लागला. त्यांनी ते रात्रभर पाण्यात भिजवलं आणि सकाळी अंगणात माझ्या तोंडावर चढवलं. योगाइला दोऱ्या ओढत होता आणि रिमगौदास ओरडत होता, “अरे, सारखं ओढ. एका बाजूला घोडा बांधलायस का?” सात वर्षांत तो एवढं बोलला नसेल.

पहिल्या सामन्याला सभागृह भरलं होतं. काही जण हाताची घडी घालून बसले होते, कोणी शिट्टीही मारली. योगाइला मैदानात आला. रिमगौदासने दोन लांब ठोके दिले, तीन आखूड दिले, आणि पुढे तो नवा तुकडा वाजवला, जो आजवर कोणासमोर वाजलाच नव्हता. योगाइला जागच्या जागी थांबला. त्याने सदऱ्याने तोंड पुसलं. सामना तर अजून सुरूही व्हायचा होता.

आम्ही चार गुणांनी हरलो. त्याचे बरेच नेम चुकले. तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत कोणी उठलं नाही. जाताना झिगमास आमच्याजवळ थांबला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “त्याला सांग, घरी गेल्यावर गुडघ्याला बर्फ लाव. आणि बुधवारी माझ्या पोरीला सही हवीय.”

मित्रांनो, कातडं नुसतं पडून राहिलं की कडक होतं, आणि मग पहिल्याच ठोक्याला तडकतं. रोज हात लागला तर ते मऊ राहतं, कितीही वर्षं टिकतं. माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. तुमच्याही घरात कोपऱ्यात ठेवून दिलेलं काही असेल, रागाने किंवा विसरून, तर त्याच्यावरच्या बरण्या आज उतरवा. आणि कोणाच्या दाराशी गेलात आणि आतून आवाज येत असला, तरी दार वाजवा. आतला माणूस वाजवायचं थांबवेल आणि तुम्हाला आत घेईल.