ळचा उच्चार

आईने मोबाइलवर ‘काळा’ असं टाइप करून बटण दाबलं. आतली बाई म्हणाली, “काला.” आईने पुन्हा दाबलं. “काला.” तिने मोबाइल पलंगावर टाकला आणि मुलाकडे पाहिलं.

घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला तो गेलाच. कापडाच्या दुकानात उभा जन्म गिऱ्हाइकांना बोलून बोलून गार करणारी बाई. आता एक फुकटचं सॉफ्टवेअर तिच्या वतीने बोलत होतं, आणि तेही बोबडं.

“हे दुरुस्त करता येतं,” मुलगा म्हणाला. “याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो. कुणीही बदल सुचवू शकतं.”

त्याची कंपनी बंद पडली होती, त्यामुळे वेळच वेळ होता. पण तिथे तो नुसत्या वेबसाइट बनवायचा. आवाजाचं काम त्याला नवं होतं. नियमांचं पान वाचण्यातच पहिली दुपार गेली. आधी हे बसवा, मग ते बसवा, बदलासोबत चाचण्या जोडा.

“नमनालाच घडाभर तेल,” तो पुटपुटला.

जुन्या लॅपटॉपवर काही केल्या ते सॉफ्टवेअर चालेना. चर्चेच्या पानावर शंका विचारली, तर कुणीतरी पुन्हा त्याच नियमांकडे बोट दाखवलं. शेवटी चूक सापडली. उच्चारांच्या तक्त्यात ल आणि ळ यांना एकच ध्वनी दिला होता. त्याने ळला त्याचा ध्वनी दिला, चाचण्या लिहिल्या आणि बदल पाठवला.

कित्येक आठवड्यांनी प्रकल्प सांभाळणाऱ्याचं उत्तर आलं. अगदी सभ्य. काम नीट आहे, पण मी एकटा आहे. तुमची भाषा तपासायला माझ्याकडे माणूस नाही, म्हणून पुढच्या आवृत्तीतून ती काढूनच टाकतोय. माफ करा.

“झालं का?” आईच्या मोबाइलने विचारलं.

“झालं,” तो म्हणाला, आणि आपल्याजवळची दुरुस्त केलेली प्रत त्याने तिच्या मोबाइलमध्ये घातली.

“काळा. निळा. पिवळा.” आतली बाई खणखणीत बोलली.

आई ताठ बसली. केसांवरून हात फिरवला. मग उठून बाहेरच्या खोलीतल्या फोनवरून तिने धाकट्या बहिणीचा नंबर फिरवला. आवाज गेल्यापासून तिने बहिणीला फोन केला नव्हता. तिने रिसिव्हरला मोबाइल टेकवला.

“धाकटे, मी बोलतेय. डोळे कसे आहेत तुझे?”

पलीकडून मावशी कडाडली, “आता मशीनसुद्धा सलगी करायला लागलं! काही नकोय आम्हाला. ठेवा फोन.”

फोन बंद झाला.

“मी लावतो परत,” तो घाईने म्हणाला. “सांगतो तिला, तूच होतीस म्हणून.”

आईने मान हलवून नको म्हटलं. रिसिव्हर जागेवर ठेवला. बराच वेळ ती टाइप करत होती, पुसत होती. बोलायचं बटण तिने दाबलंच नाही. मोबाइल त्याच्यासमोर धरला.

‘तू आता नोकरी बघ.’