मेंदू-कवच आणि साबणाची वडी

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवर तरंगगुरू, आणि त्यांच्यासमोर व्यायामशाळेचा दणकट मास्तर उजवा हात आडवा ताठ धरून उभा. डाव्या हातात मोबाइल. गुरूंनी दोन बोटांनी उजवा हात जरासा दाबला. हात धाडकन खाली!

"पाहिलंत? मोबाइलच्या विषारी लहरी! पैलवानाची ही गत, मग कोवळ्या मेंदूत गाठी होतील नाहीतर काय?" गुरूंनी मोबाइलवर एक चकचकीत चकती चिकटवली. "हे मेंदू-कवच! वैश्विक, सात्त्विक आणि वॉटरप्रूफ!" आता गुरू अख्खे लोंबकळले तरी मास्तरचा हात हलेना. टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली.

मागच्या रांगेत बसलेल्या पिंगीच्या आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोबाइलमुळे तरुण मुलांच्या मेंदूत गाठ होण्याचा धोका वाढतो का, हे तपासणाऱ्या अभ्यासात ती काम करायची. गाठ झालेल्या आणि न झालेल्या मुलांना तेच ते प्रश्न विचारून तिच्या तोंडाला फेस यायचा. आणि हा बाबा दोन बोटांत निकाल लावून मोकळा!

"वन्सं, ऐकलंत ना?" शेजारी बसलेली वहिनी कुजबुजली. "म्हणूनच आमच्या पिंगीचं डोकं दुखतं. डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ मी रद्दच केली. कवच घेतलंय, झालं!"

"अहो वहिनी, पोरीला फळ्यावरचं दिसत नाही!"

"लहरींमुळेच. सारखा फोन कानाला."

"आई, मी फोन कानाला लावतेच कधी?" पिंगी म्हणाली. "मी तर अंगठ्यांनी बोलते."

आत्याला हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. पोरगी रोज शाळेतून आली की डोकं धरून बसायची, आणि तिचा इलाज काय, तर चकती! आत्या ताडकन उठली आणि पिंगीला ओढत स्टेजवर चढली.

"गुरुजी, आमच्याकडे मेंदूचे फोटो वाचणाऱ्या डॉक्टरला कोण किती फोन वापरतं ते सांगत नाहीत. आधी कळलं की डोळ्यांना हवं तेच दिसतं. तुम्हीही न बघता करा ना! कवचाबरोबर देता त्या मखमली पिशवीत ही पोर पडद्याआड जाऊन फोन ठेवील, कवच लावून किंवा न लावता. मास्तर पिशवी धरतील. तुम्ही हात दाबून ओळखा."

"इथे श्रद्धा लागते, ताई!"

"मग तुमची नाही का?" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल खदखदला. गुरूंना आता पळायला वाट नव्हती.

पिंगी पडद्याआड गेली आणि साळसूद चेहऱ्यानं परत आली. मास्तरनं पिशवी धरली. गुरूंनी पिंगीला न्याहाळलं, मनाशी काही ठरवलं आणि हात दाबला. हात जागचा हलला नाही.

"कवच! साक्षात कवच बोलतंय!"

पिंगीनं पिशवी उलटी केली. पडद्यामागच्या बाथरूममधली साबणाची वडी टपकन खाली पडली.

"लहरी धुतल्या गेल्या, गुरुजी!" आरोळी आली आणि हॉल पोट धरधरून हसायला लागला.

"आता यांच्या बोटांकडे बघा," आत्या म्हणाली. "हात पाडायचा असला की मनगटापाशी दाबतात. टिकवायचा असला की खांद्याजवळ. दार बिजागरीजवळ ढकलून बघा, दमछाक होते. कडेला ढकला, बोटानं उघडतं. पिंगे, दाखव!"

मास्तरच्या डाव्या हातात कवच लावलेला फोन दिला. काटकुळ्या पिंगीनं उजव्या मनगटावर दोन बोटं टेकवली. हात खाली!

"आयला!" मास्तर म्हणाला. गुरू मागच्या दारानं पसार झाले.

वहिनीचा चेहरा मात्र रडवेला झाला होता. "पण वन्सं, फोननं खरंच गाठ होत असली तर?"

"तेच शोधायला तर आम्ही दारोदार फिरतो. आजवरच्या अभ्यासांत तसा ठोस पुरावा मिळालेला नाही. मिळाला तर लपवणार नाही. पण भीती म्हणजे पुरावा नव्हे, वहिनी. पोरीचं डोकं दुखतंय ना? मग डॉक्टरला दाखवा."

वहिनीनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. चक्क कानाला धरून.

पिंगीला चष्मा लागला आणि डोकेदुखी पळाली. नवा चष्मा घालून तिनं पहिल्यांदा काय वाचलं असेल, तर त्या कवचामागची बारीक अक्षरं: 'केवळ शोभेची वस्तू.' वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला तर टाळ्या खुशाल वाजवा. फक्त त्याआधी पिशवी एकदा उलटी करून बघा.