गुरुवारचं मौन आणि थंडर लेकची जमीन

"गुरुवारी दिवा लागेपर्यंत तोंड मिटून ठेवायचं. आपण एक दिवस बोललो नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही."

सासूबाईंनी हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं. पुढे त्या गेल्या, आम्ही नागपूर सोडून अमेरिकेत, मिनेसोटात आलो, ईडन प्रेरीत घर झालं, मुलगा अंकुर मोठा होऊन दुसऱ्या राज्यात नोकरीला लागला. मौन मात्र सुटलं नाही. रोज पूजा, दत्तापुढे दुधाची वाटी, आणि गुरुवारी मौन. यात लपवण्यासारखं काही नाही. पण ज्यात लपवण्यासारखं काही नाही, त्यात आमच्या मराठी मंडळाला रसही नाही.

आमच्याकडून पश्चिमेला अर्ध्या तासावर 'थंडर लेक' नावाचं मोठं पार्क आहे. उंच रोलर कोस्टर, पाण्याच्या घसरगुंड्या आणि त्याहून लांब रांगा. त्याच्या शेजारची शेतं कुणीतरी गुपचूप घेतंय, ही बातमी यंदा गणपतीत आरतीनंतर प्रसादाबरोबरच वाटली गेली. वाटणारा श्रीरंग. तो पुण्याचा. दिवसा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासतो आणि उरलेल्या वेळात इतरांचं आयुष्य.

"काउंटीचे जमिनीचे रेकॉर्ड चेक केले मी," तो म्हणाला. "घेणारी कंपनी 'ब्लू हेरॉन'. वेबसाइट नाही, फोन नाही, मालकाचं नाव नाही. म्हणजे कोण?"

"कोण?" रत्नाने विचारलं. तिने नुकतंच घरं विकण्याचं लायसन्स काढलं होतं.

"पार्क, यार. एक्स्पान्शन. मोठे लोक असंच घेतात, नाव लपवून."

"आणि पार्क नसलं तर?" मी हळूच विचारलं.

"मग नाव कशाला लपवतील, काकू?"

दिगंबर, म्हणजे आमचे हे, दुसरा मोदक घेत फक्त 'हं' म्हणाले. त्या 'हं'कडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

पार्कच्या कुंपणापलीकडे लॉइसचं शेत आहे. लॉइस म्हातारी, एकटी. तिच्याकडे एकच गाय उरली आहे, पर्ल. नैवेद्याचं दूध मी तिच्याकडून आणते. तर त्या आठवड्यात मी किटली घेऊन तिच्या फाटकाशी उभी असताना श्रीरंगची गाडी थांबली.

"काकू, तुम्ही इथे? नेहमी येता?"

मी मान हलवली.

"अंकुर रोलर कोस्टरच्याच कामात आहे ना? त्याला माहीत असणार. काकू, खरं सांगा, पार्क येतंय ना?"

गुरुवार होता. मी हसून ओठांवर बोट ठेवलं.

श्रीरंगचा चेहरा असा उजळला की मला वाटलं मागून कुणी टॉर्च मारला. "समजलं," तो म्हणाला. "एनडीए. गुप्ततेचा करार. काकू, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

आणि खरोखरच मी काही बोलले नव्हते.

शुक्रवारी सकाळी पूजा झाल्याबरोबर मी त्याला फोन केला. "अरे, ते माझं मौन होतं. दर गुरुवारी असतं. आणि अंकुर कुठल्यातरी भलत्याच पाळण्याचे बोल्ट तपासतो, त्याला इथलं काही ठाऊक नाही."

"हो काकू, मौन," तो म्हणाला, आणि फोनवरसुद्धा त्याने डोळा मारलेला मला ऐकू आला. "आम्हीही मौनच."

मंडळाच्या कॅलेंडरवर वार छापलेले असतात, तिथी असतात, एकादश्याही असतात. वाचली जाते ती खालची किराणा दुकानाची जाहिरात.

तेव्हापासून माझे गुरुवार गजबजले. न बोलणाऱ्या बाईपाशी लोक किती बोलतात, हे सासूबाईंनी मला सांगायचं राहून गेलं होतं. आधी रत्ना आली. चहा झाला आणि तिने दार लोटून घेतलं.

"काकू, पोटात ठेवा. ब्लू हेरॉन म्हणजे मीच. जागा स्वस्त मिळाली म्हणून घेतली हो. नाव लपवलं, कारण मंडळात कळलं की सगळे तिथेच धावणार. आता शेजारची जागा कुणा 'सिल्व्हर ओक'ने घेतलीय. म्हणजे पार्क नक्की. मी आणखी एक तुकडा बघतेय."

पुढच्या गुरुवारी श्रीरंग. "काकू, तुमच्या भरवशावर उडी मारलीय. सिल्व्हर ओक म्हणजे मी. ब्लू हेरॉनच्या अगदी खेटून घेतलंय. पार्क आता मला टाळून जाऊच शकत नाही."

मी हात जोडले. त्याला वाटलं आशीर्वाद दिला.

लॉइसकडेही कुणीतरी कागद पाठवले होते. कंपनीचं नाव 'नॉर्थ पाइन'. एका बुधवारी दूध ओतता ओतता तिचा हात थांबला.

"शोभा," ती तिच्या पद्धतीने माझं नाव अर्धं गिळत म्हणाली, "ती रोलर कोस्टर माझ्या गोठ्याच्या डोक्यावर आली, तर पर्ल दूध द्यायची थांबेल आणि मी झोपायची. मग विकलेलं बरं, मुलगी म्हणते तसं वृद्धाश्रमात जाईन. पण ती येणार नसेल, तर मला या घरातून फक्त एकदाच बाहेर पडायचंय, आडवी. तुमच्या लोकांना सगळं आधी कळतं. पक्कं काही समजलं तर सांगशील? माझी सही व्हायच्या आत?"

"सांगेन," मी म्हटलं. बुधवार होता, तोंडाने म्हटलं.

आज सकाळी ह्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं, चष्मा पुसला आणि घसा साफ केला.

"अगं, एक सांगायचं होतं. आज गुरुवार आहे, म्हणून आजच सांगतो."

तीस वर्षांच्या संसारात माझं मौन ह्यांना इतकं कधी उपयोगी पडलं नव्हतं.

"नॉर्थ पाइन म्हणजे मी. लॉइसची जागा. दुपारी बाराला ती सही करतेय. खूप घाबरलीय बिचारी, म्हणून लवकर तयार झाली. पलीकडचं सगळं पार्कनेच घेतलंय गं, ब्लू हेरॉन आणि सिल्व्हर ओक. पार्क आणि त्या जागांच्या मधली आपली. चालत येतील आपल्याकडे." मग चष्मा चढवत, "तू रागावली नाहीस ना? बोल ना. नको, नको, बोलू नकोस."

समाधानाने उठून ते वर इस्त्रीचा शर्ट शोधायला गेले.

मी दत्तापुढे बसले. रत्नामुळे श्रीरंग, त्याच्यामुळे पुन्हा रत्ना, दोघांमुळे हे, आणि या तिघांमुळे एक म्हातारी घराबाहेर. त्या सगळ्या जमिनीत पार्क कुठेच नव्हतं. एकमेकांना भिणारे आम्हीच होतो. तिघांनीही आपलं गुपित माझ्या पोटात ठेवलं होतं. पण मी कुणालाच हो म्हटलं नव्हतं. मौनात वचन देता येत नाही. तोंडाने शब्द दिला होता तो एकीलाच. नावं घ्यायची गरज नव्हती. पार्क येत नाही, एवढं एक वाक्य पुरे होतं. ते मनातल्या मनात मी दोनदा नीट जुळवलं.

निरांजन शांत होऊ दिलं. देवाला नमस्कार केला, सासूबाईंच्या फोटोलाही. किटली घेतली, कोट घातला.

हे जिन्यात आले, एका हातात दोन टाय. "आत्ता कुठे? दूध काल आणलंस ना? आणि आज गुरुवार आहे."

"हो," मी म्हटलं, आणि गाडीची किल्ली उचलली.