साठच्या वर लिहायचं नाय

लासूर स्टेशनच्या रस्त्यावरच्या वीज उपकेंद्रात कडुबा बावीस वर्षं आपरेटर होता. दर तासाला ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान काट्यावर बघायचं अन् रजिस्टरात लिहायचं. आता दर तासाला उन्हात मरायला कोण जातंय? कडुबा सकाळी चहा पितापिताच दिवसभराचे आकडे भरून मोकळा व्हायचा. पंचावन्न, सत्तावन्न, लईच झालं तर एकोणसाठ. साठच्या वर लिहिलं की वरून खुलाशाचं पत्र येतं, हे त्याला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. ट्रान्सफॉर्मरचा आवाज बदलला की मात्र तो हातातलं टाकून काट्याकडं पळायचा.

त्या साली दुष्काळ असा, की शहरात नळाला दहाव्या दिवशी पाणी, तरी नव्या कॉलन्या वाढतच होत्या. त्यांचा लोड ह्याच ट्रान्सफॉर्मरवर टाकायचं घाटत होतं. आधी तपासणी करायला मनस्विनी मॅडम आल्या. कडुबाची पाच वर्षांची रजिस्टरं वापरून त्यांनी कॉम्प्युटरात उपकेंद्राचा हुबेहूब डिजिटल जुळा उभा केला.

"काका, खऱ्याला हात न लावता ह्याच्यावर हवा तेवढा लोड टाकून बघता येतो," त्या म्हणाल्या. "आणि इतकं नीटनेटकं रजिस्टर मी कुठंच पाहिलं नाही हं."

कडुबाला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

दाखवायच्या दिवशी कार्यकारी अभियंता इंद्रजीत साहेब आले. मॅडमनी जुळ्यावर दीडपट लोड टाकला. पडदा हिरवागार, तापमान एकोणसाठ.

"उद्याच जोडा," साहेब म्हणाले.

कडुबानं पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. गेल्याच आठवड्यात विहिरींच्या मोटारी दिवसभर गाळ ओढत होत्या, तेव्हा काटा ब्याऐंशीवर गेला होता. घरचं प्यायचं पाणी आणून त्यानं रेडिएटरवर मारलं होतं. आता बोलावं तर नोकरी जाणार, रिटायर व्हायला दीड वर्ष उरलेलं. गप बसावं तर ट्रान्सफॉर्मर पेटणार, अन् त्याच्याशेजारी उभा असणारा माणूस पुन्हा हाच.

"साहेब, ह्यो ट्रान्सफॉर्मरचा जुळा नाय," तो म्हणाला. "ह्यो माझा जुळा हाय." अन् चहासकट सगळं सांगून टाकलं.

मॅडम भराभर रजिस्टराची पानं उलटायला लागल्या. साहेब मात्र भडकले. "पाच वर्षं खोटं लिहितोस? कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच की, साहेब. इथं ज्युनिअर होता तवा."

साहेबांनी उठून पंखा वाढवला. मॅडमनी कडुबाला समोर बसवून खरे आकडे विचारले. जीव मुठीत धरून बघितलेले आकडे कोण विसरतंय? त्यानं तारखेनिशी सांगितले. ते घातल्यावर पडदा लालभडक झाला.

साहेब खुर्ची ओढून कडुबाजवळ सरकले. आवाज एकदम मऊ. "कडुबा, उद्या जोडतो म्हणून मी वर कळवून बसलोय रे. एवढ्या बारीला साठच्या आत लिहिता येईल का?"

"लिवतो की," कडुबा म्हणाला, अन् खिडकीतून ट्रान्सफॉर्मरकडं बोट केलं. "पण साहेब, त्याला वाचता येत नाय."