घाटनाथांचं तीर्थ आणि लाल दिवा

शनिवारी सकाळी म्हसरूळच्या पुढे दिंडोरी रोडला गाड्यांची रांग लागायची. जीप, टेम्पो, रिक्षा, कधी हार घातलेली नवरदेवाची मोटारसुद्धा. सगळ्यांची बॉनेट उघडी, दातांच्या डॉक्टरपुढे आ वासून बसलेल्या पेशंटसारखी. रांगेच्या टोकाला भगवी लुंगी नेसलेले घाटनाथ महाराज तांब्या घेऊन उभे असत आणि चमत्कार करत.

चमत्कार डोळ्यांदेखत व्हायचा, हे मी मान्य करतो. गाडी दोन-तीन लाख किलोमीटर पळालेली असायची आणि डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागलेला असायचा. "हा घाटातल्या बाईचा डोळा आहे," महाराज सांगायचे. "तिची नजर तुझ्या गाडीवर पडली." मग ते बॉनेटखालच्या एका छोट्या डबीचं झाकण काढत, काहीतरी पुटपुटत आणि तांब्यातलं तीर्थ आत ओतत. दिवा विझायचा. लोक हात जोडायचे. महाराजांचं तीर्थ पडलेल्या गाडीला जन्मात ब्रेकचे पॅड बदलावे लागत नाहीत, अशी ख्याती पार वणीपर्यंत गेली होती.

माझं पेठ नाक्यावर स्पेअर पार्टचं दुकान आहे. या महाराजांना मी चांगला ओळखतो. पाच वर्षांपूर्वी त्यांचं नाव गोटीराम होतं. शेजारच्या गॅरेजात ते चाकं खोलायचे आणि ब्रेक ऑइल न्यायला माझ्या काउंटरवर यायचे. हे मी चारचौघांत सांगून पाहिलं. लोक म्हणाले, "तुला पॅड विकायचेत." खरंच होतं, मला पॅड विकायचेच होते. त्यामुळे माझं कुणी ऐकेना.

महाराजांच्या अंगणात मंगलाबाई झाडू मारायच्या. तीन महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा सनी तीर्थ घातलेली जीप घेऊन सप्तशृंगी गडाचा घाट उतरत होता. वळणावर ब्रेक लागला नाही आणि सनी गेला. महाराजांनी दहाव्याला येऊन निदान केलं की सुनेने, सुवर्णाने, पाळीच्या दिवसांत गाडीला हात लावला आणि तीर्थ विटाळलं. मंगलाबाईंनी त्याच दिवशी सुनेला घराबाहेर काढलं आणि स्वतः महाराजांच्या सेवेला लागल्या. लोक याला पुत्रशोक म्हणत. मी मूर्खपणा म्हणत असे, आणि तो शब्द मी अजून पुरता मागे घेतलेला नाही.

त्या शनिवारी रांगेत योगेश होता. हा सनीचा दोस्त आणि माझं गिऱ्हाईक. त्याच्या जीपचे पॅड घासून पत्र्याला आलेले मी स्वतः त्याला दाखवले होते. तरी पठ्ठ्या अकरा माणसं भरून गडावर निघाला होता, वाटेत तीर्थ घालून. म्हणून मी प्रतिभाताईंना घेऊन गेलो. त्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवतात. योगेशच्या गाडीत तीर्थ पडून दिवा विझला होता, तेवढ्यात आम्ही पोचलो.

ताईंनी पिशवीतून तशीच एक डबी काढली, भंगारातल्या गाडीची. तिला दोन वायरी, एक बॅटरी आणि लाल बल्ब जोडलेला. बल्ब पेटलेला होता.

"महाराज, थोडं तीर्थ द्या," त्या म्हणाल्या.

लोकांसमोर नाही कसं म्हणणार? तीर्थ पडलं, बल्ब विझला, लोकांनी हात जोडले. ताईंनी डबी उपडी केली, तसा बल्ब पुन्हा पेटला. मग त्यांनी टपरीवरचा कटिंग चहा आत ओतला. बल्ब विझला. पुन्हा डबी रिकामी करून मंगलाबाईंच्या फरशी पुसायच्या बादलीतलं पाणी ओतलं. बल्ब तेवढ्याच भक्तिभावाने विझला.

"आत एक तरंगणारा तुकडा आहे," ताई म्हणाल्या. "पॅड झिजले की डबीतलं ब्रेक ऑइल खाली उतरतं, तुकडा खाली बसतो आणि दिवा लागतो. काहीही ओतलं तरी तुकडा वर येतो. पॅड मात्र झिजलेलेच राहतात. वर हे पाणी ऑइलमध्ये मिसळतं. घाट उतरताना ब्रेक तापले की त्याची वाफ होते. मग पेडल पार खाली जातं आणि गाडी थांबत नाही."

महाराज मंद हसले. "चहाने दिवा विझतो, बाई. संकट टळायला श्रद्धा लागते."

लोकांनी माना डोलावल्या. योगेशने जीप चालू केली. असा संताप आला मला, की या अकरा जणांना खुशाल मरू द्यावं असं मनात येऊन गेलं.

इतक्यात मंगलाबाईंनी झाडू खाली ठेवला.

"ही बाई खोटं बोलती, महाराज. तुमीच बसा ना पुढं. घाट चढून उतरून या. तुमी सोता गाडीत असल्यावर कुनाचा इटाळ लागनार हाय?"

ही कल्पना लोकांना लय आवडली. "आज आमचं मौन आहे," महाराज बोलले. पण चार भक्तांनी त्यांना श्रद्धेने उचललं, पुढच्या सीटवर ठेवलं आणि गळ्यात हार घातला. दार मंगलाबाईंनी स्वतः लावलं.

जीप दहा पावलं गेली असेल, तोच महाराज ओरडले.

"ए योग्या, थांबव! पानी हाय ते, बोरचं पानी! घाटात उकळतंय! पॅड संपलेत तुझे, समद्यांना मारशील!"

योगेशने करकचून ब्रेक दाबला. सपाट रस्ता होता म्हणून गाडी थांबली. महाराजांनी उडी मारली. लुंगी दारात अडकून मागेच राहिली. घाटनाथ पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर दिंडोरी रोडला उभे राहिले. मी पोट धरून हसलो. मग मंगलाबाईंकडे नजर गेली आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"सनीच्या गाडीत बी पानीच व्हतं?" त्यांनी विचारलं.

गोटीराम लुंगी ओढत होता.

"तुला ठावं व्हतं?"

प्रतिभाताईंनी पोलिसांना फोन लावला. मंगलाबाईंनी योगेशला सुवर्णाचा नंबर लावायला सांगितला. त्याने फोन स्पीकरवर धरला.

"सुवर्णा, गाडीत पानी व्हतं गं. तुझा काय बी दोष नव्हता."

"मी ह्यांना तीनदा म्हनले व्हते, आई, पॅड बदला," सुवर्णा म्हणाली. "तुमीच नको म्हनलात."

फोन बंद झाला. मंगलाबाईंनी पुन्हा लावायला सांगितला. योगेशने लावला. तिने उचलला नाही.

माझं सांगणं थोडं आहे. लाल दिवा लागला की गाडी थांबवा आणि चाक खोलून बघा. दिवा का लागला हे विचारा, आणि कुणी विझवून दाखवला तर कसा विझला हेही विचारा. पॅड माझ्याकडून घेऊ नका, दुसरीकडून घ्या, पण घ्या. आणि घरातली बाई बदला म्हणत असेल, तर ती कोणत्या दिवसांत सांगते आहे ते बघत बसू नका.